यादीत नसलेली भेट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



'सणावारीच्या भेटी' या विषयावर चार शब्द बोला, असे आपल्या कार्यवाहबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांचा हेतू अगदी साधा होता. सुरुवातीला ईशस्तवन, शेवटी आभार आणि चहा, आणि मधली २० मिनिटे कोणीतरी हलकेफुलके बोलून भरून काढावयाची. मी ३२ वर्षे शाळेत शिकविले, म्हणजे २० मिनिटे बोलणे मला जड जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. पण मी जे बोलणार आहे ते त्यांच्या अपेक्षेतले असेल असे नाही, आणि त्याबद्दल त्यांची मी आधीच क्षमा मागते.

आपल्याकडे कोणाला केव्हा काय द्यावे हे कोणी शिकवावे लागत नाही. जावयाला दिवाळसण. अधिक महिन्यात त्यालाच ३३ अनारशांचे वाण. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. पाडव्याला नवऱ्याने बायकोला ओवाळणी घालावी, भाऊबीजेला भावाने बहिणीला. विहिणीला कोणती साडी द्यावी आणि ती जावेच्या साडीपेक्षा किती भारी असावी, हेसुद्धा आपण झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. प्रत्येक नात्याला नाव आहे आणि प्रत्येक नावापुढे एक वस्तू लिहिलेली आहे. आता मला सांगा, ज्या नात्याला नावच नाही, त्याच्यापुढे काय लिहावयाचे?

माझा मुलगा ३३ वर्षांचा आहे. बेंगळुरूला नोकरी करतो. चार वर्षे होत आली, तो आणि एक मुलगी तेथे एकत्र राहतात. लग्न झालेले नाही. करणार आहेत की नाही ते त्यांनी ठरविले असेल तर मला सांगितलेले नाही. मुलगी केरळातली, त्रिशूरकडची, त्याच्यासारखीच नोकरी करणारी. तिचे नाव मी येथे घेत नाही, कारण तशी तिची परवानगी मी विचारलेली नाही, एवढेच. तुमच्यापैकी पुष्कळजणींना मी आजवर 'तो मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो' असे सांगत आले. ते खोटे होते. आपल्या भिशीच्या दिवशी, हळदीकुंकवाला, भजनाच्या वेळी, जेथे जेथे मुलाचा विषय निघाला तेथे तेथे मी ते सांगितले. आता सांगून टाकले, बरे वाटले.

पहिल्या दिवाळीची गोष्ट. फराळाचा डबा नेहमीसारखा बांधला. चकल्या, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू, आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेले अनारसे. मुलासाठी झब्बा घेतला होता, तो घडी करून तळाशी घातला. त्या मुलीसाठी काही घातले नाही. विसरले असते तर मी आज हे सांगितलेही नसते. मी विसरले नव्हते. करंज्या मोजताना मी एका माणसाच्या मोजल्या, आणि मोजताना मला ठाऊक होते की तेथे दोन माणसे आहेत. मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "काकू, चकली बहुत अच्छी थी," एवढेच बोलली. मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला. अनारशांचा मात्र चुरा झाला होता असे नंतर कळले. त्यांना पाठविण्याचा हट्ट आता मी सोडला आहे. अनारसा हा घरी येऊन खाण्याचा जिन्नस आहे.

दुसऱ्या दिवाळीला मला लाज वाटू लागली होती, पण लाजेपेक्षा कंजूषपणा मोठा. आपल्या सगळ्यांच्या कपाटात एक गठ्ठा असतो. देण्याघेण्यातल्या साड्यांचा. कोणी हसू नका, मला पुष्कळ घरचे गठ्ठे ठाऊक आहेत. मुंजीत आलेली साडी बारशात जाते, बारशातली डोहाळजेवणात, आणि एखादी साडी तर सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालून मूळ घरी परत येते. त्या गठ्ठ्यातली एक हिरवी साडी मी काढली. रंग शकुनाचा, पदर बरा. इथवर तरी ठीक होते. पण माझ्या धाकट्या जाऊबाईंनी सल्ला दिला, "वहिनी, साडीबरोबर चांदीची जोडवी घाला. मुलीच्या जातीला आपोआप समजेल." मला तो सल्ला पटला. मी सराफाकडून जोडवी आणली आणि साडीच्या घडीत ठेवून पार्सल केले.

पाडव्याच्या दिवशी फोन आला, हल्लीचा, चेहरा दिसणारा. ती साडी नेसून बसली होती. छान दिसत होती, खोटे कशाला बोलू! तिच्या हातात एक कागदाचा कपटा होता. मल्याळी मुलगी असली तरी शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे देवनागरी तिला वाचता येते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एकेक अक्षर लावीत तिने वाचले, "मुंजीनिमित्त, सांगलीच्या मावशींकडून, सप्रेम." आणि अगदी निरागसपणे मला विचारले, "काकू, मुंज म्हणजे काय?"

भगिनींनो, शाळेत मुलांनी मला पुष्कळ अवघड प्रश्न विचारले. त्यातला एकही याच्या पासंगाला पुरणार नाही.

मुलगा मागे उभा होता. हसत होता, पण हसून झाल्यावर त्याने जोडवी हातात धरून दाखविली आणि म्हणाला, "आई, ही भेट आहे की नोटीस?" मी काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ मनात तेच घोळत राहिले. त्याचे खरे होते. जोडवी ही मी तिला दिलेली वस्तू नव्हतीच. ती तिच्याकडून मला हवी असलेली वस्तू होती. मी फक्त ती चांदीत घडवून पोस्टाने पाठविली होती.

पुढच्या वर्षी जून महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. यजमान जाऊन सात वर्षे झाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाला नेमके त्याच आठवड्यात कामासाठी परदेशी जावे लागले. शस्त्रक्रिया पुढे ढकलू या, असे मी म्हणाले. तर आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आली. कचेरीतून सहा दिवसांची रजा काढून. मला न विचारता.

डोळ्यात थेंब घालणे हे काम सोपे नाही. घालणाऱ्याचा हात कापला तर थेंब गालावर, आणि घालून घेणाऱ्याने डोळा मिटला तर पापणीवर. त्यातून दोन औषधे, एकीनंतर दुसरे लगेच घालावयाचे नाही, मध्ये काही मिनिटे थांबावयाचे. ती मोबाईलमध्ये घंटा लावून दिवसातून सहा वेळा थेंब घालीत असे. स्वयंपाक तिने केला. आपले फोडणीचे वरण तिने दुसऱ्या दिवशी बरे जमविले; माझ्या स्वयंपाकघरात खोबरेल तेल केसांना लावण्याच्या बाटलीत असते आणि पातेल्यात जात नाही, याचे तिला फार आश्चर्य वाटले. त्यावरून आम्ही पहिल्यांदा एकमेकींना हसलो.

तिसऱ्या दिवशी आपल्या मंडळातल्याच एक भगिनी माझ्यासाठी मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. त्यांचा काही दोष नाही, त्यांनी साधे विचारले, "ही कोण?" मी डोळ्याला पट्टी लावून पलंगावर बसले होते, आणि मी म्हणाले, "मुलाच्या ऑफिसातली मैत्रीण आहे. कामाने इकडे आली होती." ती दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. दोन वर्षांत तिला एवढे मराठी समजू लागले होते.

ती रागावली नाही. रात्री थेंब घालून झाल्यावर, बाटलीचे झाकण लावता लावता, मोडक्यातोडक्या मराठीत तिने मला विचारले, "काकू, उद्या कोणी आलं तर मी काय सांगू? दोघींनी एकच सांगितलं पाहिजे, नाही तर तुम्हाला त्रास होईल."

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्याला त्रास होईल म्हणून रडण्याचीही सोय नव्हती.

आता भेटीकडे येते, कारण विषय तो आहे. त्या वर्षीच्या दिवाळीला हिला काहीतरी द्यावयाचे, आणि ते नीट द्यावयाचे, असे मी ठरविले. काय द्यावे, हे मात्र सुचेना. मुलाला विचारले. तो म्हणाला, "काहीही दे, तिला सगळं चालतं." मुलांचे हे उत्तर वर्षानुवर्षे एकच आहे, त्याच्या वडिलांनाही मी काही विचारले तर तेही हेच म्हणत. मैत्रिणींना विचारले ते आडून, 'एका भाचीला द्यावयाचे आहे' असे सांगून. म्हणजे खोटे बोलण्याची सवय अजून सुटली नव्हतीच. एकीने पैशाचे कार्ड सुचविले, आपल्याला हवे ते दुकानातून घेता येते म्हणाली. सोय आहे खरी, पण ते कार्ड म्हणजे 'तुला काय आवडते ते मला ठाऊक नाही आणि शोधण्याची इच्छाही नाही' असे लिहून देण्यासारखे मला वाटले. दुसरीने मिक्सर सांगितला. मिक्सर ही भेट सून म्हणून येणाऱ्या मुलीला पुष्कळजणी देतात; मी त्याला मुलाच्या पोटाला दिलेली भेट म्हणते. शिवाय त्यांच्या घरी स्वयंपाक निम्मा माझा मुलगाच करतो.

सोन्याचाही विचार केला. सराफाकडे जाऊन बसले. हल्ली प्रत्येक दागिन्यावर अक्षरे आणि आकडे मिळून सहा चिन्हांचा क्रमांक कोरलेला असतो. २०२३ च्या एप्रिलपासून त्यावाचून हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. त्याने मला भिंगातून तो दाखविला. नाजूक कानातली होती, आवडलीही. पण सोन्याचे एक आहे. ते दिले की हिशेब सुरू होतो. तिच्या आईवडिलांच्या कानावर गेले तर त्यांना वाटावे की मुलाकडच्यांनी सोने घातले, आता आपण काय घालावयाचे? शिवाय जोडव्यांचा प्रसंग माझ्या मनात ताजा होता. कानातली परत पेटीत ठेवावयास सांगून मी उठले. सराफाने चहा पाजला होता, त्याचे वाईट वाटले.

मग मी एक केले, जे आधी करावयास हवे होते. ती सहा दिवस माझ्या घरी होती, त्या सहा दिवसांत मी काय पाहिले, ते आठवावयास बसले. एका डोळ्याने का होईना, पाहिले पुष्कळ होते. सुती कपडे घालते. दागिने जवळजवळ नाहीत. आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीला एक चिमुकली चिंध्यांची बाहुली लटकत असे. ही कसली बाहुली, म्हणून मी सहज विचारले होते, तेव्हा तिने सांगितलेली गोष्ट मला आता आठवली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात मोठा पूर आला. एर्णाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम म्हणून हातमागाचे गाव आहे. ओणमचा सण तोंडावर होता आणि विणकरांनी सणासाठी विणून ठेवलेला सगळा माल पाण्यात गेला, माग चिखलाने भरले. कापड धुऊनही डाग जाईनात. ते जाळून टाकण्याऐवजी काही लोकांनी ते स्वच्छ करून त्याच्या लहान लहान बाहुल्या केल्या, डाग तसेच ठेवून. तिला 'चेकुट्टी' म्हणतात. त्या बाहुल्या विकून विणकरांना पैसा उभा करून दिला. हिने ती बाहुली त्या वेळी घेतली ती अजून पिशवीला आहे.

त्याच बोलण्यात तिने 'ओणक्कोडी' हा शब्द सांगितला होता. कोडी म्हणजे नवे वस्त्र. ओणमला घरातल्या वडीलधाऱ्यांनी लहानांना, आणि घरी राबणाऱ्या माणसांनाही, नवे वस्त्र द्यावयाचे, त्याला ओणक्कोडी म्हणतात. लहान असताना आजोबा पाटावर गठ्ठा घेऊन बसत आणि नाव घेऊन एकेकाला हाक मारीत, असे ती सांगत होती. मी विचारले, "आता कोण देतं?" ती म्हणाली, "आता नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दोन ओणम झाले." भगिनींनो, दोन ओणम आणि माझ्या घरच्या दोन दिवाळ्या यांचा हिशेब लावावयास मला वेळ लागला नाही. माझ्या मुलाबरोबर राहावयास लागल्यापासून तिच्या घरून कापड येणे बंद झाले होते. इकडे मी एका माणसाच्या करंज्या मोजीत होते, आणि तिकडे कोणीतरी गठ्ठ्यातले एक वस्त्र कमी करीत होते.

त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त सांगते आहे.

म्हणून मी ठरविले की ओणक्कोडी आपण द्यावयाची. आता ओणम बहुधा गणपतीच्या मागेपुढे येतो, आणि मला द्यावयाची होती दिवाळीत, ती घरी येणार होती तेव्हा. हे कसे जमवावे? तर ते आधीच जमलेले आहे, आपल्याच ध्यानात नाही. ओणम कोणाचा सण? महाबलीचा. बळीराजा वर्षातून एकदा आपली प्रजा पाहण्यास येतो म्हणून ते अंगणात फुलांची रांगोळी घालतात, दहा दिवस. आणि आपला पाडवा कोणाचा? पंचांगात बलिप्रतिपदा असे छापलेले आहे. इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो, असे आपण म्हणतो तो हाच बळी. एकाच राजाची त्यांच्याकडे भाद्रपदाच्या सुमारास वाट पाहतात, आपल्याकडे कार्तिकात. मग पाडव्याला दिलेली साडी ही ओणक्कोडी का होऊ नये? त्यांच्यात एक म्हण आहे, जमीन विकावी लागली तरी ओणमचे जेवण जेवावे, अशा अर्थाची. आपण ऋण काढून सण करणाऱ्याला नावे ठेवतो. ते तसे करावयास सांगतात. एवढा फरक मात्र आहे.

साडी आणावयाची कोठून? शस्त्रक्रियेच्या वेळी ओळख झालेली एक मल्याळी परिचारिका आपल्याच भागात राहते. ती सणाला गावी जाणार होती. तिला मी खरे काय ते सांगितले. बाहेरच्या माणसाला खरे सांगितले ते पहिल्यांदा तिला. तिने काही प्रश्न विचारला नाही. "कसवु साडी आणते," म्हणाली. कसवु म्हणजे जरीचा काठ. बलरामपुरम, चेंदमंगलम आणि कुत्तांपुळ्ळी ही तिकडची विणकरांची नावाजलेली गावे. तिघांच्याही कापडाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचे माहेर कुत्तांपुळ्ळीच्या जवळ, त्रिशूर जिल्ह्यात. तेथले विणकर मूळचे कर्नाटकातून आलेले देवांग आहेत, असे तिने सांगितले. यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने खपवितात, त्यापासून जपण्याची एक युक्तीही सांगितली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी दोन्ही काठांना टाचण्या असलेली पट्टी लावतात. त्यामुळे काठाच्या अगदी कडेला बारीक बारीक टोचल्याच्या खुणा राहतात. त्या बोटाला लागल्या तर बहुधा हातमाग. शिवाय २००६ पासून सरकारने हातमागाची मोहर सुरू केली आहे, तीही पाहावी.

साडी आली. उलगडली. आणि माझ्या पोटात गोळा आला. साडी पांढरी होती. म्हणजे अगदी शुभ्र नव्हे, न रंगविलेल्या सुताचा असतो तसा सायीचा रंग, आणि काठाला बोटभर सोनेरी जर. सुरेख होती. पण पांढरी होती. ठाऊक असूनही डोळ्यांनी पाहिल्यावर मन मागे सरले. जाऊबाई तर म्हणाल्याच, "वहिनी, दिवाळीत? पांढरी? तरण्या मुलीला?" आणि माझ्याकडे पाहून गप्प बसल्या, कारण यजमान गेल्यापासून मीही फिके रंग नेसते.

मग मला माझी पणजी आठवली. मी तिला पाहिलेले नाही, आईने सांगितलेले आठवले. तिला नवरा गेल्यावर जे नेसावे लागले ते पांढरे नव्हते. ते आलवण होते, तांबडे. आमच्या घरी विधवेचा रंग तांबडा होता, आणि आता आम्ही नव्या नवरीला लाल शालू घेतो! रंगाला बिचाऱ्याला काय ठाऊक असते? केरळात मुलगी सणाला पांढरे नेसते, लग्नातही नेसते. साडी तिच्यासाठी होती, तर शकुनही तिच्याकडचा धरावा. तरी जाऊबाईंचे समाधान म्हणून, आणि माझेही म्हणून, मी तिच्यावर खणाचे कापड घेतले. गुळेदगुड्डचा जांभळा खण, पिंजरी काठाचा. या दोहोंची संगत किती बेमालूम बसते, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. परिचारिकाबाईंनीसुद्धा मान डोलावली.

घडीत चिठ्ठी घालावी की नाही, याचा विचार पुष्कळ केला. घालावयाची तर काय लिहावयाचे? 'आईकडून' असे लिहिण्याचा मोह झाला. तो आवरला. तिची आई आहे, तिकडे, दुखावलेली. दुसऱ्याची जागा रिकामी दिसली म्हणून आपण जाऊन बसू नये. ती मला काकू म्हणते, मी काकूच आहे. चिठ्ठीवर लिहिले, 'ओणक्कोडी. काकूंकडून.' आणि तारीख घातली, म्हणजे ही चिठ्ठी पुन्हा कोणाच्या मुंजीत जाणार नाही.

पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी मी आळीतल्या आठ-दहा घरी फराळाला बोलावले होते. तुमच्यापैकी काहीजणी होत्या, त्यांना पुढचे ठाऊक आहे. इतरांसाठी सांगते. सगळ्या जमल्यावर मी तिला पाटावर बसविले, कुंकू लावले, साडी हातात दिली आणि म्हणाले, "ही माझ्या मुलाबरोबर राहते. त्यांचे लग्न झालेले नाही. जूनमध्ये माझ्या डोळ्यात थेंब घालावयास हीच आली होती, आणि तेव्हा मी तुम्हाला खोटे सांगितले."

कोणी काही बोलेना. एक बाई, त्यांचे नाव मी सांगणार नाही, ताटली तशीच ठेवून उठल्या आणि गेल्या. त्या आजही माझ्याकडे येत नाहीत. पुष्कळ वर्षांचा शेजार आहे, मला त्याचे वाईट वाटते. दुसऱ्या एकीने विचारले, "पण कायद्याने ती तुमची कोण?" तेव्हा आपल्या मंडळातल्या वकीलबाईंनी चकली मोडत शांतपणे सांगितले की घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा जो कायदा आहे, त्यात लग्नासारख्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. "म्हणजे कायद्याला ती दिसते," असे त्या म्हणाल्या. मग मेतकूट आणणाऱ्या भगिनी उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगो, त्या दिवशी भात तिखट नव्हता ना झाला?" हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि ती? तिने साडी उलगडली नाही. आधी काठाच्या कडेवरून बोट फिरविले, टोचल्याच्या खुणा लागतात का ते पाहिले. मग विचारले, "कुत्तांपुळ्ळी?" मी हो म्हणाले. चिठ्ठी वाचली. उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मुलगा आत जावयास निघाला, त्याला मी हाताने थांबविले. बाहेर आली ती साडी नेसूनच आली. खणाचे पोलके शिवलेले नव्हते, म्हणून वर माझे एक जुने सैलसर पोलके. तरी शोभली.

त्या रात्री तिने आपल्या आईला छायाचित्र पाठविले. उत्तर आले ते दोन दिवसांनी, दोन शब्दांचे. 'कोणी दिली?' एवढेच.

हे झाले गेल्या दिवाळीचे. आता थोडे या वर्षाचे सांगते आणि थांबते, कारण कार्यवाहबाई घड्याळाकडे पाहत आहेत.

मी मघापासून बघते आहे, पहिल्या दोन रांगांचे लक्ष माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या साडीकडे अधिक आहे. फिका रंग म्हणून तुम्हाला वेगळे काही वाटले नसेल, पण काठाची जर नवी आहे हे बायकांच्या नजरेतून सुटत नाही. या ओणमला केरळातून माझ्या नावे एक पार्सल आले. पाठविणारे तिचे आईवडील. आत ही साडी, आणि केळ्याच्या वेफर्सची एक पिशवी. पत्र नाही. दुकानाची पावती आत राहिली होती, ती मल्याळी लिपीत, म्हणजे माझी मुंजीची चिठ्ठीच जणू. मी काठावरून बोट फिरवून पाहिले. हातमागाची आहे.

मी ताबडतोब तिला फोन केला. तिने विचारले, "एकच आहे?" मी पुन्हा पिशवी उलटी करून पाहिली, उगाच. एकच होती. घेतलेल्याची परतफेड म्हणून त्यांनी मला दिली, मुलीला दिली नाही. तिने "छान आहे ना, काकू?" एवढे विचारले आणि काठ केवढा आहे ते मोजून सांगावयास लावले.

आता दिवाळी तीन आठवड्यांवर आली. तिच्यासाठी काय घ्यावयाचे ते माझे ठरले आहे, ते येथे सांगत नाही, कारण हे भाषण स्मरणिकेत छापले जाईल आणि देवनागरी तिला वाचता येते. अडले आहे ते त्रिशूरच्या पार्सलापाशी. त्या बाईंना मी काय पाठवू? साडीला साडी पाठविली तर हिशेब तेथेच मिटतो, आणि मला तो मिटावयास नको आहे. फराळ पाठवावा असे मनात आहे. चकल्या टिकतील, अनारसे टिकणार नाहीत. आणि बरोबर चिठ्ठी लिहावी, तर ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने? विहीणबाई म्हणता येत नाही. कोणाला काही सुचले तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा. मी त्या खांबाजवळ बसणार आहे.